आतल्या बाजूला, पेन्सिलीने

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये दिवसा मी तांबं गुंडाळतो.
कागदात लपेटलेलं, बोटाएवढं जाड,
एका ट्रान्सफॉर्मरला चार माणसं आणि एक क्रेन.
रात्री दांडिया बाजारात, गच्चीवरच्या खोलीत
पुन्हा तांबंच, पण केसाहून बारीक,
दिसत नाही, फक्त चमकतं,
श्वास जोरात सोडला तर तुटतं.

आठ हजार फेरे.
कुंदाच्या शिलाई मशीनची मोटर, तिला सायकलचा मीटर,
तार माझ्या चिमटीतून जाते.
सहा हजार दोनशेला तुटली तरी शिवी द्यायची नाही,
भिंतीपलीकडे राजवाड्यांची मुलगी सीएचा अभ्यास करते.

दसरा उलटला की माल येतो.
नऊ रात्री गरब्याच्या मैदानात घुमलेले बेस,
पट्टे घामाने कडक, जॅकमध्ये धूळ,
एकदा तर ब्रिजखाली
कुणाच्या तरी चनियाचोळीतून निखळलेला आरसा,
नखाएवढा.
(तो मी परत कुणाला देणार? डबीत आहे.)
पोरं म्हणतात, काका, बाइकचा हप्ता थकलाय, द्याल ते द्या.
मी एक डोळा मिटून मान बघतो,
शिंपी सुईचं नेढं बघतो तसा.
वाकली असेल तर पान्याने पाव फेरा, आणि उद्यापर्यंत हात लावायचा नाही.
लाकडाला घाई सांगून कळत नाही.

चार हजारांना घेतो.
तारा नऊशे, पॉट दोन, सोल्डर घरचं.
साडेसहाला विकतो.
कुंदा विचारते, सुटले किती?
जागलेल्या रात्री धरल्या तर मीच तिचं देणं लागतो.

एक गंमत आहे, कारखान्यात कुणाला सांगितलेली नाही.
ट्रान्सफॉर्मरची जी गुणगुण कानात घेऊन मी घरी येतो
ती बेसवर सापडते:
सगळ्यात जाड तार, तिसरा पडदा, केसभर चढा.
एक सप्तक खाली, पण सूर तोच.
रात्री तीच पिकअपमधून बाहेर येते, न बोलावता.
मग दोन कॉइली, एक सुलटी, एक उलटी, चुंबकही उलटे,
दोघींच्या भांडणात गुणगुण मरते
आणि तारेचं बोलणं तेवढं ऐकू येतं.

एक बॉडी मी शाळेच्या बाकातून कापली होती.
लिलावातला सागवान, वजन पाच किलो.
त्यावर कर्कटकाने कोरलेलं 'नंदू गाढव'
घासून काढायला हात धजला नाही, वर वॉर्निश मारलं.
करजणचा एक पोरगा घेऊन गेला, एसटीच्या टपावर टाकून.

अकरा वर्षांनी, शुक्रवारच्या बाजारात
मिक्सरची भांडी आणि जुने फोन यांच्यामध्ये
नंदू गाढव.
विकणाऱ्याला काही माहीत नव्हतं.
घरी आणला, मागची पट्टी उघडली. सहातले चार स्क्रू.
आत माझं अक्षर:
सात पूर्णांक सहा किलो-ओहम, चौदा नोव्हेंबर, थंडी.
मीटर लावला. थोडा उतरलाय.
नवी तार मी बाजारातून येतानाच मनात मोजून ठेवली होती.

मग टॉर्च तिरका धरला तर
माझ्या ओळीखाली आणखी एक ओळ,
डोक्यावर रेघ नसलेल्या अक्षरांत, बॉलपेनची:
अवाज सारो छे. पिकअप बदलवुं नहीं.

करजणचा पोरगा? की त्याच्या पुढचा, की त्याच्याही पुढचा?
सही नाही. तारीखही नाही.
किती जण इथवर आले असतील, पाना घेऊन,
आणि वाचून परत गेले असतील.

मी जॅक साफ केला.
दोन स्क्रू शोधून लावले, एक जरा लांब आहे.
त्याआधी पेन्सिलीला टोक काढलं, जागा होती,
लिहिलं: बदलला नाही.

कुंदा दारातून म्हणाली, कितीला द्यायचा हा?
म्हटलं, साडेसहालाच.
फक्त जड आहे, हे आधी सांगायचं.